भूमेश्वरीचं लोन आणि माझा खर्रा

१ जुलै, मंगळवार. सकाळी ६.
आजपासून खर्रा बंद. मारुतीसमोर हात जोडून सांगून आलो, विकत घेणार नाही.

कारण लिहून ठेवतो. मुलीने, भूमेश्वरीने, दोन वर्षांनी इंजिनिअरिंग सोडलं. एक वर्ष घरी बसली. आता गोंदियात बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सला तात्पुरता प्रवेश मिळाला. एज्युकेशन लोन मात्र जुन्या कोर्सचं. बँकेचे साहेब म्हणाले, "पहले बकाया ब्याज भरो, तब कोर्स बदलने का फॉर्म आगे जाएगा." थकलेलं व्याज बावीसशे, मुदत ३१ जुलै. फॉर्म अडला तर फी नाही. फी नाही तर कॉलेज नाही.

घरी सांगितलं, मी बसलो आहे. रोजचे चार खर्रे, वीसला एक. महिन्याचे चोवीसशे. ते डालड्याच्या डब्यात टाकणार. वरचे दोनशे मारुतीच्या शेंदराला.
राजकुमारी "बरं" म्हणाली. बायकोचं हे बरं मला आवडत नाही.

३ जुलै.
डब्यात १६०. डोकं जड. समोरच्या ठेल्यावर बिसराम खर्ऱ्याची सुपारी-तंबाखू प्लास्टिकच्या पन्नीत घोटतो, तो आवाज माझ्या पिठाच्या चक्कीच्या आवाजातूनही ऐकू येतो. दोन गिऱ्हाइकांचं पीठ अदलाबदल झालं. लोक समजून घेत नाहीत.

५ जुलै.
चक्कीवर पोती उचलणाऱ्या मंगरूने त्याच्या खर्ऱ्यातला अर्धा दिला. विकत घेतला नाही, शपथ शाबूत. अर्धा मोजतही नाहीत.

१२ जुलै.
मंगरू म्हणाला, "कुंजीलालभाऊ, आठ दिस झाले, माह्याच खाऊन राहिला. शपथ तुही, अन् पैसे माहे काऊन जाऊन राहिले?"
लागलं. दुसऱ्याच्या मेहनतीचं खाणं पाप. बिसरामकडे खातं उघडलं. उधारीत पैसे द्यावे लागत नाहीत, म्हणजे ते विकत घेणं नव्हे. मारुतीला पटावं.

१६ जुलै.
भूमेश्वरी चक्कीमागे पन्न्या वेचत होती. विचारलं, काय करून राहिली? म्हणाली, "जमा करून राहिली, बाबूजी." पोरीला स्वच्छतेची आवड. संस्कार माझेच.

२२ जुलै.
बिसरामने उधारीसाठी चारचौघांत हाक मारली. डब्यात पहिल्या दोन दिवसांचे १६०च होते, त्यातून शंभर काढून दिले. हा खर्च नव्हे, फिरवाफिरव. बँकाही हेच करतात.

२९ जुलै.
डब्यात साठ. घाबरण्यासारखं काही नाही. साहेब भला माणूस दिसतो, समजावून सांगेन. हिंदीतली वाक्यं मनात जुळवली.

३१ जुलै. दुपारी १२.
इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत निघालो. भूमेश्वरी म्हणाली, "राहू द्या बाबूजी. व्याज सोमवारीच भरलं. फॉर्मही गेला."
महिनाभर ती अंगणात फी घेऊन पोरांना गणित शिकवत होती. मला वाटायचं, पोरं खेळायला येतात.
डबा उघडून पाहिला होता का, विचारलं.
"कायले उघडू? तुमच्याकडे पाहून अंदाज काढला."

मग कॉलेजचा पहिला प्रकल्प पुढे केला, पालकाच्या सहीसाठी. विषय: 'एका प्रौढ व्यक्तीने खर्रा सोडल्याचा परिणाम.' पंधरा दिवसांत चक्कीमागे एकोणसत्तर रिकाम्या पन्न्या, तारीखवार. सोडण्याआधी रोज चार. सोडल्यानंतर सरासरी चार पूर्णांक सहा दशांश.

सही केली. राजकुमारी म्हणाली, "पोरीले दोन शब्द तं बोला."
बोलता आलं नाही. तोंडात सत्तरावा होता.