एकतीस मिनिटं सात सेकंद

१० मे
गेला! माझा रेकॉर्ड गेला. ‘भुयार’ हा गेम सगळ्यांत कमी वेळात संपवणारी दोन वर्षं मीच होते — ३१ मिनिटं ९ सेकंद. आज तेल्हाऱ्याच्या त्या योगेशनं ३१:०७ चा व्हिडिओ टाकला. वर मला मेसेज — “प्रणाली, तुयीच उडी वापरली बरं!” मेला. मी शोधलेली युक्ती चोरतो आणि सांगतोही.

अकोल्याच्या मॅरेथॉनमध्ये शेवटची पाळी रेकॉर्डवाल्याची असते. दिवसभर एकेक जण खेळतो, बघणारे देणगी देतात. यंदा अंध मुलींच्या वसतिगृहासाठी. ती पाळी माझी होती. माझी!

१२ मे
व्हिडिओ चाळीस वेळा पाहिला. सापडलं! अठराव्या मिनिटाला मागचा कूलरचा आवाज एकदम बंद. पुढे शेवटपर्यंत नाहीच. म्हणजे दोन तुकडे जोडलेत. लबाड! व्हिडिओ तपासतात पुण्याची पोरं. त्यांच्याकडे तक्रार ठोकली.

१५ मे
योगेशचा रेकॉर्ड रद्द!! म्हणे, “लाईट गेली होती.” मग कॉम्प्युटर काय हवेवर चालला? पुण्याच्या पोरांनीही तेच विचारलं. मॅरेथॉन भरवणाऱ्या धर्मपालदादांचा फोन — “शेवटची पाळी तुलेच.” आईनं शिरा केला. दोनदा घेतला.

१९ मे
सरावाला बसले होते, कानांवर हेडफोन. आईनं खांदा गदागदा हलवला. “लाईट जाऊन अर्धा तास झाला वं! मी घामानं मरून राहिली, अन् तू खेळूनच राहिली?”

हेडफोन काढले. कूलर बंद. कॉम्प्युटर चालू.

इन्व्हर्टरवर कूलर आपल्याकडे कोण लावतं? अख्खा जन्म राजापेठेत काढला आणि हे सुचू नये! पुण्याच्या पोरांना माफ. मला नाही.

पण योगेश मला अजूनही आवडत नाही. चोविसला मॅरेथॉनमध्ये त्याच्याहून लवकर संपवला, की कुणाला काही सांगायची गरजच नाही.

२४ मे, अकोला
माझ्या शेजारच्या खुर्चीत कुणाला बसवावं? योगेश! मी खेळायचं, त्यानं माईकवर लोकांना समजावून सांगायचं. धर्मपालदादा म्हणाले, “त्याच्यावानी कोणाले समजते हा गेम?” नको म्हणायला मला तोंड होतं का? सगळा वेळ माझं कौतुक. “ही उडी प्रणालीनं शोधली. आमी तिचीच नक्कल करतो.” गप बस ना रे मेल्या!

३१:०८.

त्याच्याहून एक सेकंद जास्त. आणि हॉलभर ओरडा — नवा रेकॉर्ड! योगेश उभा राहून टाळ्या वाजवत होता. माईक माझ्या हातात दिला. मी देणगीदारांचे आभार मानले आणि माईक खाली ठेवला. थू माझ्यावर!

२५ मे
सगळ्यांचे अभिनंदनाचे मेसेज. एकही उघडला नाही.

२७ मे
योगेशचा मेसेज. “मी खेळणं सोडलं. इथं सारे मले चोर म्हणून राहिले. लहान बहीण करिश्मा तुयावर लई जीव टाकते. तिले शिकवशील काय?”

धर्मपालदादांना फोन लावला. “बोल, चॅम्पियन!”

बोलले. इन्व्हर्टरपासून सगळं.