पपनसाच्या सालींची बरणी

मी, सौ. पद्मजा कृष्णकांत टिपणीस, वय वर्षे एकाहत्तर, काम घरचेच, राहणार पनवेल, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणी दाब आणलेला नाही, कोणी भरीस घातलेले नाही. उलट घरात कळले तर "आत्ताच काय घाई?" म्हणून सगळे मागे लागतील. घाई नाही हो, दमले आहे.

१. राहते घर आणि परसातले पपनसाचे झाड माझ्या वडिलांनी मला दिले. कागद माझ्या नावाचे आहेत. माझ्यामागे माझे यजमान कृष्णकांत यांनी हयातभर इथेच राहावे. त्यांच्यानंतर घर मुलगा शैलेश आणि मुलगी प्रांजल यांचे, निम्मे निम्मे. प्रांजल हे नाव वाचून ह्यांच्या कपाळाला आठी पडेल. पडू दे. तिने उरणच्या कोळ्यांच्या कल्पेशशी लग्न केले, तेव्हापासून तिचे नाव या घरात काढायचे नाही, असा ह्यांचा हुकूम आहे. शैलेश रोडपालीला फ्लॅट घेऊन सुखात आहे. बहिणीचा विषय काढला की म्हणतो, "आई, बाबांना कोण सांगणार?" तर आता हा कागद सांगेल.

२. जाड बुडाचे कल्हईचे पातेले व मोठा झारा सून विनिता हिला. विनिता, गणपतीपुढची पपनसे विसर्जनानंतर सोलली की साली टाकायच्या नाहीत. वरचे हिरवे पातळ तासून काढ, पांढऱ्या जाड भागाच्या पट्ट्या काप. मिठाच्या पाण्यात भिजव, उकळ, पाणी फेक, पुन्हा उकळ. मग पिळून घे, पण सगळा कडूपणा काढू नकोस, नाहीतर नुसती साखर खाल्ल्यासारखे लागते. पाकात मंद आचेवर पाक आटेपर्यंत ठेव आणि पंख्याखाली वाळव. त्या दिवसांत उन्हाचा भरवसा नाही. मी करत आले म्हणून तू केलेच पाहिजे असे मात्र नाही. कंटाळा आला तर त्या पातेल्यात भात लाव.

३. धाकटी जाऊ सुनीता हिने साली नेण्यासाठी आजवर जे डबे नेले ते सर्व तिलाच दिले. परत आले ते रिकामे आले, बाकीचे आलेच नाहीत. माझ्या साली स्वतःच्या म्हणून भिशीत वाटते, तेही मला ठाऊक आहे. आता तिने स्वतः कराव्यात, म्हणजे हात भाजल्यावर कळेल.

४. चिनी मातीची लहान बरणी. हिच्याबद्दल नीट लिहिते.

आमच्या दारी मासळी घेऊन येणारी भीमाबाई ही कल्पेशची आत्या. दर वर्षी साली झाल्या की मी ही बरणी भरून मागच्या दाराने तिच्या टोपलीत ठेवायची, जासईला प्रांजलच्या घरी पोचवण्यासाठी. आमच्यात काय, त्यांच्यात काय, भांडे रिकामे परत करत नाहीत. बरणी सुक्या कोलंबीचे सोडे भरून यायची. भीमाबाई हळूच म्हणायची, "वयनी, पोरीनं सोता सोलून सुकवल्यान." आणि ह्यांचा तर सोड्यांवर जीव! सोड्यांची खिचडी केली की बोटे चाटत म्हणायचे, "भीमाबाईचा माल म्हणजे एक नंबर." मी वाढत राहायची. मनात म्हणायची, जेवा, लेकीच्या हातचे आहेत.

यंदा मला शेगडीपुढे उभे राहवेना. झारा ह्यांनी घेतला. ढवळता ढवळता, मागे न वळता विचारले, "जासईची बरणी आधी भरू का?"

मी स्टुलावर बसलेच. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"आपल्या घरातली बरणी ओळखणार नाही का मी?"

"मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?"

"बोललो असतो तर बंद करायला लागलं असतं, पद्मा."

मला इतका राग आला की रडू फुटले. मी चोरासारखी मागच्या दाराशी, आणि हे पुढच्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून! लेकीचे तोंड न बघता माझे केस पांढरे झाले. ते ह्यांच्या हुकमापायी की हट्टापायी, आता विचारायचेही त्राण नाही.

५. यंदाची भरलेली बरणी फडताळात आहे, भीमाबाईकडे दिलेली नाही. ती ह्यांनी स्वतः जासईला न्यावी. कल्पेश तिथे कंटेनर यार्डात कामाला आहे, घर भीमाबाई दाखवील. बरणी रिकामी परत येणार नाही, पण या वेळी नुसते सोडे चालणार नाहीत. बरणी प्रांजलने हातात घेऊन यावे, पुढच्या दाराने. ती उंबऱ्याच्या आत येईपर्यंत माझे दिवस घालू नयेत.

वरील सर्व माझ्या इच्छेने लिहिले, वाचून पाहिले, खाली सही केली.

सौ. पद्मजा कृष्णकांत टिपणीस

साक्षीदार:
१. कमळाकर दिघे, शेजारी (सही)
२. भीमाबाई कोळी, मासळी विक्री (डाव्या हाताचा अंगठा)

पनवेल, दिनांक १४ ऑक्टोबर २०१३

ता. क. अंगठा देण्याआधी भीमाबाईला सगळे वाचून दाखवले. ती म्हणाली, "वयनी, मेल्यावर कशाला? मी हाय ना घर दावायला, आजच धाडा त्यांना." पटले. म्हणून हा कागद पाकिटात घातलेला नाही. उद्या सकाळी ह्यांच्या पेपरात घालून ठेवते.