विझलेली चूल आणि रंभाबाईंचा डबा

सेक्टर सहा, भिलाई
मंगळवार

श्री. रामाजीभाऊ यांना त्यांच्या घरच्या जावयाचा रामराम.

तुमच्या गुडघ्याला आता उतार असेल, वहिनींचा खोकला थांबला असेल, आणि चार दिवसांपासून तुमच्याकडे मुक्कामाला असलेली तुमची बहीणही खुशाल असेल, अशी आशा आहे. (असणारच. माहेरी कोण खंगलं आहे?) फोनच करणार होतो, पण तुम्ही फोन उचलताच स्पीकरवर टाकता आणि उतईचा अर्धा मोहल्ला ऐकायला जमतो. म्हणून हे पत्र दूधवाल्या सुखरामच्या हाती देतो आहे.

सिंधूने तुम्हाला काय सांगितलं ते मला माहीत नाही, तेव्हा माझी बाजू पहिल्यापासून सांगतो. मराठी मंडळाच्या संमेलनात यंदा सभासदांनी 'घर' या विषयावर कविता वाचायची होती. रिटायर झाल्यापासून मला सकाळी वेळच वेळ असतो, दिलं नाव. तुम्ही जाणताच, छत्तीस वर्षं मी प्लांटमध्ये शिफ्टची लॉगबुक लिहिली. कविताही तशीच उतरली: सकाळी सहा दहा, चहा दोन कप, पंखा आवाज करतो, सिंधू बोलते. ती मी अतुलसरांना दाखवली. (हे दुर्गला कॉलेजात मराठी शिकवतात. माणूस चांगला, पण चहा पार गार करून पितो.) सर म्हणाले, यात सगळं आहे, फक्त वातावरण नाही. कवी 'मी उदास आहे' असं सांगत बसत नाही. तो अशी खोली उभी करतो की ऐकणाऱ्याने आपणहून उदास व्हावं. उजेड किती, आवाज कोणता, वास कशाचा, वेळ कुठली, हे नीट निवडायचं, आणि शब्दही रेंगाळणारे घ्यायचे. हे मला एकदम पटलं. भट्टीचंही असंच असतं, आत काय घालता त्यावर बाहेर काय येणार ते ठरतं.

मी बसून यादीच केली. उजेड मावळतीचा. आवाज पारव्यांचा. वास ओल्या राखेचा. आता राख म्हटली की चूल आली. आमच्याकडे गॅस आहे, पण गॅसने कोणी उदास होत नाही, सिलिंडर कधी लावायचा एवढंच आठवतं. म्हणून चूल आणली आणि विझवली. मग कोपऱ्यात कोळ्याचं एक जाळं लावलं, ओट्यावर एकच कप उपडा घातला आणि दाराला बाहेरून कडी घातली. सिंधूला मी कवितेतून काढलं नाही हो भाऊ, शपथेवर सांगतो. एवढ्या उदास खोलीत तिला बसवायला जागाच उरली नाही.

संमेलनात मी वाचली आणि वातावरण असं झालं म्हणता! पहिल्या रांगेतल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. मागे कोणीतरी हुंदका दिला, मला फार बरं वाटलं. तिसऱ्या रांगेत सिंधू नवी साडी नेसून बसली होती. लोक वळून वळून तिच्याकडे पाहत होते, तेही मला कौतुकच वाटलं. परत येताना ऑटोत ती सारा वेळ बाहेरच पाहत होती. म्हटलं, भारावली असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या क्वार्टरच्या रंभाबाई चार पुडांचा डबा घेऊन दारात. "भाऊजी, घरी चूल पेटत नाही तं आमाले सांगाचं ना!" त्या वेळी सिंधू आत पातोडीचा रस्सा करत होती. फोडणीचा ठसका रस्त्यापर्यंत जात होता, पण त्या माउलीला राखेचाच वास येत होता. (कवितेची ताकद पाहा.) सिंधूने डबा घेतला, रंभाबाईंना चहा पाजून वाटेला लावलं, आणि मग माझ्याकडे वळली. "चाळीस वर्षं झाले, रांधून राहिली मी. कोठी हाय जाळं, दाखवा मले." मी म्हटलं, अगं, ते जाळं बाहेरचं नाही, मनातलं आहे. तिथे मी चुकलो. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, संध्याकाळी ती तुमच्या दारात उतरली.

असो. तिला घाई करू नका, हवे तितके दिवस राहू द्या. मी इथे अगदी मजेत आहे. वहिनींना नमस्कार.

आपला,
हेमराज

ता. क. रंभाबाईंचा डबा धुऊन ठेवला आहे. पण कोणाचा डबा रिकामा परत करायची आपल्यात रीत नाही, आणि मला त्यात भरता येतं ते फक्त पाणी. त्या आज दोनदा कुंपणाशी येऊन गेल्या. तेव्हा सिंधूला निदान डब्यापुरतं तरी पाठवता आलं तर पाहा.

आणखी एक ता. क. डब्याचं नुसतं निमित्त आहे, भाऊ. मला तिच्याशिवाय करमत नाही. वर लिहायला लाज वाटली म्हणून खाली लिहितो. काल अतुलसर आले होते. मी सवयीने रोजची नोंद करून फ्रिजला चिकटवतो, ती त्यांनी उभ्या उभ्या वाचली. सहा दहा, चहा एक कप. सात, दूध नेहमीइतकंच घेतलं, अर्धं नासलं. दहा, पंख्याचा आवाज आज फार मोठा. एक, ताटं दोन काढली, एक परत ठेवलं. सरांनी चष्मा काढला. म्हणाले, हेमराजजी, वातावरण याला म्हणतात, रायपूरच्या पुढच्या संमेलनात हीच वाचा. मी नाही म्हटलं. मला ही कविता खोटी पडायला हवी आहे. सिंधूला सांगा, जाळं दाखवा म्हणाली होतीस ना, आता दाखवता येईल. स्वयंपाकघरात, वरच्या कोपऱ्यात. ती येईपर्यंत मी त्याला हात लावणार नाही.