जांभळा करगा

गोरेगाव
दि. २ सप्टेंबर २०१२

चि. राजदीप,
सप्रेम जयभीम.

आम्ही दोघं मजेत. म्हैस व्याली, पारडी झाली. तू फोनवर नुसतं हूं हूं करतोस, म्हणून कागदच घेतला.

आधी गोड बातमी. काखेतली कॅन्सरची गाठ लिंबाएवढी होती, ती इंजेक्शनाने वाटाण्याएवढी उरली! तुमच्या नागपूरच्या डॉक्टरीणबाई हसल्या, मीही हसले, आणि परतताना एसटीत शेजारणीला बळेच चिवडा खाऊ घातला.

आता शेतातली. खालच्या धानाच्या बांधीत करगा माजला होता, आठवतं? धानाचं सोंग घेणारं ते मेलं तण. ओळखू यावं म्हणून आम्ही जांभळ्या पानाचं धान लावलं. हिरवं दिसेल ते उपटायचं. दोन वर्षं बांधी स्वच्छ. गेल्या साली करगाच जांभळा उगवला! तुझे आतोबा शेताच्या धुऱ्यावर बसून म्हणाले, "हा तं आपल्यालेच वेडं बनवून राहिला ना वो!"

यंदा हिरवं धान लावलंय. आता मी जांभळं उपटते.

मग सांग, आधी मी हिरवं उपटलं ते चुकलं का? तूही डॉक्टरी शिकताना माझ्या पहिल्या गाठीचा तुकडा दुर्बिणीखाली काचेवर पाहून म्हणालास, ते इंजेक्शन आत्याला लागू पडणार नाही. तुझ्या सरांनीही तेच सांगितलं. तेव्हा ते खरंच होतं. बाई म्हणतात, एका गाठीत नाना तऱ्हेच्या पेशी असतात; औषधाने काही मरतात, उरलेल्या वाढतात, रूपही बदलतात. नव्या गाठीचा तुकडा वेगळा निघाला आणि तेच इंजेक्शन आता लागू पडलं.

तरी माझा दादा सांगत होता, स्वतःला दोष देऊन तू शिक्षण सोडायला निघालास.

लिहायचं टाळत होते, ते लिहिते. ही गाठ मला होळीलाच हाताला लागली होती. मे महिन्यापर्यंत कोणाला बोलले नाही. भीती वाटली. शिवाय आत्या बरी झाली असं तू गावभर सांगितलं होतंस. तुझा शब्द खोटा पडू नये असं वाटलं. शुद्ध मूर्खपणा! तू चुकला नाहीस रे, मी लपवलं.

पुढच्या महिन्यात उरलेली गाठ काढतील. ती काचेवर राजदीपच बघेल, असं मी बाईंना सांगून आले. त्या हो म्हणाल्या. तेव्हा शिक्षण सोडायचं असेल तर माझ्या गाठीचं कोण बघणार, ते आधी सांग.

रविवारी निंदायला ये. जांभळं ओळखून उपटण्यावर तुझा हात जरा बसू दे.

तुझ्या डोळ्यांवर भिस्त ठेवून बसलेली,
रुक्माआत्या