आणि एकदा म्हण गं

बेळगुंदी,
सोमवार, ता. १८ नोव्हेंबर २०२४

सौ. गुणा हिस,

नवऱ्यानं बायकोला पत्रात आशीर्वाद लिहायचे अशी रीत आहे. माझ्या हातून ते लिहवेना. नमस्कार घे. मष्णूला आणि त्याच्या घरच्यांना पण सांग. त्याचा गुडघा कसा आहे?

फोन तू खिडकीत ठेवून गेलीस. मष्णूच्या फोनवर दोनदा लावला, दोन्ही वेळा तो म्हणाला, "आक्का परड्यात हाय." म्हणून हे पत्र. चौतीस वर्षं संसार झाला, पण तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. सूरजच्या हाती तुझ्या माहेरी लोंढ्याला पाठवणार होतो. पण तो वाटेत वाचेल असं वाटलं, म्हणून पोस्टात टाकतोय.

इकडचं सांगायचं तर भात कापून झालं, मळणी पण झाली. खालच्या वाफ्यातलं भात वाऱ्यानं लोळलं होतं, ते हातानं कापावं लागलं. रताळी यंदा मोठी नाहीत पण गोड आहेत. दिवाळीला सूरज आणि सूनबाई अनगोळहून दोन दिवस येऊन गेले. रक्षानं फराळ विकतचा आणला होता. सूरजनं एकदा विचारलं, "आई कवा येणार?" मी म्हटलं, मामाचा गुडघा बरा झाला की.

गावात आता ती गोष्ट कोणी काढत नाही. कुणीतरी काढलेला तो व्हिडिओ लोक विसरत चाललेत.

वरची ओळ लिहून तासभर झाला. मधे म्हशींना वैरण घालून आलो. ओळ खोडणार होतो, पण राहू दे. कुणीतरी नाही, गुणा. तो व्हिडिओ मी काढला.

आता सुरुवातीपासून सांगतो. त्यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून नाही.

श्रावणात डेअरीचे मोठे साहेब तुमच्या महिला दूध संघाला भेट द्यायला येणार होते. तू चेअरमन, तेव्हा दोन शब्द तूच बोलायचे. साहेब धारवाडकडचे, मराठी येत नाही, म्हणून कानडीत बोलायचं तुझ्या मनात आलं. तू मला म्हणालीस, "तुमची तीस वर्षं कचेरीत कानडी ऐकण्यात गेली, मला चार वळी लिहून द्या की." मी लिहून दिल्या. भाकरी थापताना, धार काढताना तू त्या घोकत होतीस. त्यातली तिसरी ओळ, "साहेबरु बंद मेले नम्म संघद हालु जास्ती आयितु." साहेब आल्यापासून आमच्या संघाचं दूध वाढलं. आदल्या दिवशी तू चुलीपुढून विचारलंस, "हालु का हाळु ओ? माझ्या तोंडात दोन्हीबी येतंय." मी पेपर वाचत होतो. मान वर न करता म्हटलं, "चालतंय कसंबी."

चालत नाही. हालु म्हणजे दूध आणि हाळु म्हणजे वाटोळं. मला ते चांगलं ठाऊक होतं.

शाळेच्या मैदानात मांडव होता. तू ती जांभळ्या काठाची साडी नेसली होतीस. माइक उंच होता, तो तुझ्यासाठी खाली केला. मी पुढच्या रांगेत बसून मोबाइल धरला, आणि तेवढ्यापुरतं माझ्या मनात वाईट काही नव्हतं. तू पहिल्या दोन ओळी छान म्हणालीस. तिसरीला, साहेब आल्यापासून आमच्या संघाचं वाटोळं वाढलं, असं म्हणालीस. ज्यांना कानडी येतं ते सगळे हसले. साहेब पण हसले. तुला वाटलं, तुझं कानडी त्यांना आवडलं. तू हात जोडलेस.

तिथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. तिथं मी ओरडलो, "आणि एकदा म्हण गं!"

आणि तू म्हणालीस. जास्त मोठ्यानं, माझ्याकडं बघून. माझं हसणं त्यात आलंय, मोबाइल हलतोय एवढं हसणं.

का केलं, ते मी दीड महिना स्वतःला विचारतोय. रिटायर झाल्यापासून गावात मला चेअरमनबाईंचे मालक म्हणतात. फोन आला की तुझ्यासाठी. दारात कोण आलं की, "आक्का हायत का?" मी आहे म्हटलं तर म्हणतात, "ऱ्हाऊ दे, मग येतो." कचेरीत शिपाई होतो, पण दारावर बसायचो. साहेबांना भेटायचं तर मला विचारावं लागायचं. इथं मला कोणी काही विचारत नव्हतं. त्या दिवशी सगळा मांडव तुला हसला आणि मला बरं वाटलं. लिहिताना लाज वाटते, पण तेच खरं आहे. मला बरं वाटलं.

रात्री तो व्हिडिओ मी कचेरीतल्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो कुठं कुठं गेला मला सांगता येणार नाही. बाजारात पोरं तुला विचारायची, "आक्का, हाळु जास्ती आयितु काय?" तू हसून म्हणायचीस, "व्हय, आयितु की." एकदा मी शेजारी उभा होतो. तेव्हा पण मी तुला सांगितलं नाही.

मग चॅनलवाल्यांचा फोन आला. रविवारी दुपारी तो कानडी कार्यक्रम असतो बघ, सोफ्यावर तिघं-चौघं बसतात आणि लोकांचे फजितीचे व्हिडिओ बघून हसवतात. फोनवरची मुलगी म्हणाली, व्हिडिओ तुमचा आहे असं कळलं, दाखवू का? मी हो म्हटलं. आणि तुला येऊन सांगितलं, "तू टीव्हीवर येणार हायस." कुठल्या कार्यक्रमात ते सांगितलं नाही. तू पंधरा बायका घरी बोलावल्यास. शेंगा भाजून सोलून ठेवल्यास.

त्या रविवारी मी सूरजकडं काम आहे म्हणून अनगोळला गेलो. मला तिथं काहीही काम नव्हतं.

सूरज घरात नव्हता, म्हणून चौकातल्या नागेंद्रच्या सलूनमध्ये जाऊन बसलो. तिथं टीव्ही चालूच होता आणि तोच कार्यक्रम लागला होता. आधी एक माणूस घोड्यावरून पडला, एक नवरी केकमध्ये पडली. मग तू आलीस. तुझं वाक्य त्यांनी चार वेळा दाखवलं. प्रत्येक वेळी खाली ढोल वाजायचा आणि तुझं तोंड मोठं करून दाखवायचे. त्यातल्या एकानं टॉवेल डोक्यावर पदरासारखा घेऊन तुझी नक्कल केली. सलूनमध्ये सहा-सात माणसं होती, सगळी लोटपोट. नागेंद्र वस्तरा बाजूला ठेवून हसत होता. मी पण हसलो, गुणा. सगळे हसतायत म्हणून हसलो.

मग त्यांनी माझा आवाज लावला. "आणि एकदा म्हण गं!" सोफ्यावरच्या बाईनं विचारलं, हा कोण? आणि स्वतःच म्हणाली, "गंडने इरबेकु." नवराच असणार. त्यावर सगळ्यांत मोठा हशा झाला. नागेंद्र मला म्हणाला, "बघा काका, असली बी माणसं असत्यात." मी दाढी न करताच उठलो.

संध्याकाळच्या बसनं घरी आलो. मला वाटलं तू भांडशील. घर झाडलेलं होतं, धार काढून झाली होती, आमटीला फोडणी बसली होती. तू एवढंच विचारलंस, "सूरज बरा हाय न्हवं?" मी म्हटलं, बरा आहे. तू ताट वाढलंस. चार दिवसांनी, घट बसले त्या दिवशी, मष्णूचा गुडघा दुखतोय म्हणून पिशवी घेऊन निघालीस. मी स्टँडपर्यंत पोचवायला आलो, तर म्हणालीस, "तुम्ही कशाला, म्हशी हायत."

तुला काहीच कळलं नाही असं मी किती दिवस धरून चाललो. सोफ्यावरच्या त्या बाईनं कधी पाहिलं नाही ते माणूस नुसत्या आवाजावरून ओळखलं, आणि तू मला ओळखणार नाहीस?

तू गेल्यावर धाकटी म्हैस पान्हा सोडेना. माझा हात लागला की लाथ. चार दिवस तिनं दूध चोरलं. डेअरीत रांगेत किटली घेऊन उभा राहायचो तर बायका थोड्या बाजूला सरकून उभ्या राहायच्या. बोलायचं कोणी नाही. जयाबाई तेवढी म्हणाली, "दाजी, आक्काचं जुनं लुगडं पांघरून बसा. वासानं सोडती ती." मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला मी तुझं ते धुवट हिरवं लुगडं डोक्यावरून घेतलं आणि बसलो. तुझ्यासारखंच तिच्याशी बोललो. तिनं सोडलं.

किटली अर्धी झाली असेल, तर परड्याच्या फाटकाची कडी वाजली. मनात एकच आलं, कोण आहे, आणि हातात मोबाइल आहे का? लुगडं काढावं तर म्हैस उधळणार. मी तसाच बसून राहिलो, बासष्ट वर्षांचा माणूस, बायकोचं लुगडं डोक्यावर घेऊन. मान वळवायचा धीर होईना.

जयाबाई होती. तिनं बघितलं आणि हसली नाही. पाठ फिरवून फाटकाकडं तोंड करून उभी राहिली, धार होईपर्यंत. मी लुगडं घडी करून ठेवल्यावर मग वळली. म्हणाली, "पेंडीची पिशवी आणली व्हती."

मी तिथंच तिला सांगितलं. व्हिडिओ मी काढला, परत म्हणायला मी लावलं, चॅनलला हो मी म्हटलं, आणि त्या रविवारी मी पळून गेलतो.

जयाबाई म्हणाली, "आम्हास्नी म्हाईत हाय, दाजी."

मग तिनं त्या दुपारचं सांगितलं. तू टीव्हीवर दिसल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तू जयाबाईला विचारलंस, "ही का हसत्यात गं एवढी?" तिचं माहेर बैलहोंगलकडचं, तिला कानडी येतं. तिनं तुला सांगितलं. मग माझा आवाज आला. जयाबाई म्हणाली, "आम्ही सगळ्यांनी वळखला. मालुबाईनं शिवी घातली. आक्कानं तिला गप्प केलं. म्हणाली, 'कुणी काय बोलायचं न्हाय. त्येंचा मान ऱ्हाऊ दे गावात.' आणि शेंगांचं ताट पुढं केलं. 'घ्या की गं,' म्हणाली, 'सोलून ठेवल्यात.'"

गुणा, हे ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. तू माझ्यावर ओरडली असतीस तर मी काहीतरी उलट बोललो असतो, आणि ते मिटलं असतं.

चॅनलला फोन केला. तो भाग काढून टाका म्हणून विनवलं. ती मुलगी चांगलं बोलली, पण म्हणाली, आता ते आमच्या हातात नाही, लोकांनी कुठंकुठं ठेवलंय. ग्रुपवर मी लिहिलं की हा आवाज माझा आहे आणि मी चुकलो. दोघांनी हसऱ्या तोंडाची चित्रं पाठवली. मी ग्रुप सोडला.

काल तुमच्या संघाची मीटिंग होती. तुझा राजीनामा मष्णूकडून आला होता, त्याचा विषय होता. मी दाराशी जाऊन उभा राहिलो आणि सगळ्यांच्या समोर सांगितलं. काही गाळलं नाही, पेपर वाचत होतो ते सुद्धा. मला वाटलं, कोणी तरी म्हणेल, जाऊ दे आता. मालुबाई म्हणाली, "सांगितलंस, बरं केलंस. आता जा. आमची मीटिंग हाय."

मी आलो. बरोबरच बोलली ती.

जयाबाईनं नंतर सांगितलं, राजीनामा कोणीच मंजूर केला नाही. एक डिसेंबरला पुढची मीटिंग आहे, साहेब परत येणार आहेत. बायकांचं ठरलंय की तू मराठीत बोलायचं आणि जयाबाई कानडीत सांगेल. तुझी वाट बघतायत. हे त्यांनी मला कळवायला सांगितलेलं नाही, मी आपणहून कळवतोय.

आणि माझं म्हणशील तर, मी तुला परत ये म्हणणार नाही. ते म्हणायचा हक्क सध्या माझ्याकडं नाही. पण घर तुझं आहे, संघ तुझा आहे, आणि माझ्यापायी तू ते दोन्ही सोडून मष्णूच्या परड्यात बसावंस हे बरोबर नाही. म्हणून तीस तारखेला मी सूरजकडं अनगोळला राहायला जातोय. सूरजला सगळं सांगितलंय. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही, पण रक्षानं मागची खोली रिकामी केली आहे. किल्ली जयाबाईकडं असेल, तू येईपर्यंत म्हशींचं तीच बघेल. भात पोत्यात भरून ठेवलंय, पेंड महिनाभर पुरेल. तू आलीस तर मी दिसणार नाही. तू बोलावशील तेव्हा येईन, आणि नाही बोलावलंस तर ते पण मला समजेल.

पत्राखाली "तुझा" लिहायचं असतं. ते तू ठरव. मी नुसतं नाव लिहितो.

मारुती