गाळलेला परिच्छेद

प्रिय धाकट्या,

सरोवराच्या विधेयकाचा तू पाठवलेला मसुदा मिळाला. 'ताई, वाच आणि खूश हो' ही चिठ्ठीही मिळाली. पहिली सहा कलमं वाचून खरंच खूश झाले. संवर्धनाला दरवर्षी निधी, काठापर्यंत सगळ्यांसाठी पाच वाटा, चाकाच्या खुर्चीतल्या माणसालाही पाण्यापर्यंत जाता येईल असा धक्का. यासाठी आमच्या प्रयोगशाळेने किती वर्षं अर्जांवर अर्ज केले, तुला ठाऊक आहे. मग सातवं कलम आलं. पाणी दूषित असेल तिथली वाट 'पुढील आदेशापर्यंत' बंद ठेवता येईल. हे वाक्य तुझं आहे, मी डोळे मिटून ओळखलं. लहानपणी खेळाचे नियमही तू असेच करायचास, डाव शेवटी तुझ्याकडेच यावा असे.

बुधवारी पाण्याचे नमुने घ्यायला, बाबा होडी लावायचे त्या काठच्या उतारावर गेले. नगरपालिकेने तिथे 'तात्पुरतं' म्हणून बसवलेलं फाटक अजून तसंच आहे. शाळेच्या खेळाच्या बाई बावीस मुलांना घेऊन बाहेर उभ्या होत्या. मुलांच्या गळ्यात टॉवेल. पहारेकरी आत सोडेना, म्हणून मी तावातावाने पुढे झाले. तो बिचारा भला माणूस. त्याने फाटकावर चिकटवलेल्या, पाणी दूषित असल्याच्या अहवालावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, खाली सही तुमचीच आहे." त्या बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मुलं मोजली आणि परत फिरल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

याच उतारावर बाबांनी तुला पोहायला शिकवलं. दिवसभर होडी वल्हवून खांदे भरून आलेले असायचे, तरी गुडघाभर पाण्यात उभे राहायचे. तू एवढा भित्रा की माझ्या गळ्याला गच्च धरायचास, मानेवर तुझ्या नखांचे ओरखडे उठायचे. तेव्हा होडीवाल्याच्या पोरांना कुणी परवानगी विचारली नव्हती. आज तू काठच्या बंगलेवाल्यांचा वकील आहेस. अस की, पोटापाण्याचा धंदा आहे. पण जिथे तुझा श्वास पहिल्यांदा पाण्यावर टिकला, ती जागाच तू दुसऱ्यांच्या पोरांना बंद करायला निघालास?

परवा फोनवर हेच विचारलं, तर तू हसलास. म्हणालास, "ताई, अहवाल तुझा आहे. मी फक्त वापरला." तुझा संताप आलाच होता. तू खोटं बोलत नव्हतास, याचा त्याहून जास्त आला.

अहवाल माझाच. पण मूळ अहवालात पोहायला येणाऱ्यांच्या कचऱ्यावर चार ओळी होत्या आणि बंगल्यांच्या सांडपाण्याच्या पाइपावर अख्खा परिच्छेद. सगळ्यात वाईट नमुना दर वेळी त्या पाइपाखालचाच निघतो. गेल्या वर्षी तू माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणालास, एवढा पाइपाचा परिच्छेद गाळ, महिन्याभरात पाइप बंद करवतो. मी गाळलं. बाबा गेल्यावर तू पहिल्यांदाच माझ्याकडे काही मागत होतास. पाइप आजही वाहतोय आणि फाटकाबाहेर मुलं उभी आहेत. सोमवारी विधेयकावर समितीपुढे सुनावणी आहे. मी मूळ अहवाल आणि नमुन्यांची नोंदवही घेऊन जाणार आहे. आमच्या साहेबांना आज सकाळी सगळं लेखी दिलं, नोकरी बहुतेक जाईल. परिच्छेद कुणाच्या सांगण्यावरून गाळला असं समितीने विचारलं, तर तुझं नाव सांगेन. तू समोरच बसलेला असशील. तिथे पहिल्यांदा कानावर पडलं असतं, तर ताईने पाठीत वार केला असं आयुष्यभर म्हणाला असतास. म्हणून आधी कळवते आहे. फोन करू नकोस. तू लाडीगोडीने बोललास की मी विरघळते, आणि या वेळी मला विरघळायचं नाही.

एवढं होऊनही तुझीच,
ताई