खोल कोरलेला सीझर

जानेवारी, महिन्याच्या मध्याचा ईड्स उलटून चार दिवस

गाल्बाचं नाव दगडावरून उतरवायला काय लागलं: दोन छिन्न्या, माझा उजवा खांदा, आणि बोटभर संगमरवर — तो काही परत येत नाही. गेल्या उन्हाळ्यात त्याच जागचं नीरोचं नावही मीच उतरवलं होतं. चौकातल्या त्या दगडाला आता वाडग्याएवढा खळगा झालाय. पावसाचं पाणी साचलं आणि सकाळी चिमण्या आंघोळीला आल्या. वरच्या ओळीत चिमण्या, खालच्या ओळीत 'सीझर ऑगस्टस'.

गाल्बाला मारलं; आता म्हणे राजा ओथो.

फेब्रुवारी, कॅलेंड्स, म्हणजे पहिली तारीख

खळगा चुन्याने भरला. वर लाल रंगाने 'ओथो' लिहिलं. छिन्नी लावली नाही!

नगराध्यक्ष आविलियस भर चौकात ओरडला, "अरे दियोकारेस, राजाचं नाव रंगवतोस? दुकानाची पाटी आहे का ही?"

मला तो मुद्दाम गुलामीतल्या नावानेच हाक मारतो.

म्हटलं, "साहेब, माणसं बदलतात, ती रंगात. सीझर राहतो, तो दगडात."

"उसनं नाव लावणाऱ्याने सीझर शिकवू नये."

खरंय. धन्याने मला मोकळं केलं तेव्हा त्याचं नाव माझ्या अंगावर आलं. गायस सेस्टियस दियोकारेस. पण नीरोबरोबर सीझरांचं घराणं संपलं. गाल्बा कुठे त्या रक्ताचा होता? ओथो कुठे आहे? हेच सांगितलं त्याला. "मी सेस्टियस जसा, तसेच ते सीझर. अंगात घालायचं आणि शोभवायचं." लोक हसले. मग मीही चढलो. म्हटलं, "'सीझर'ला कधी छिन्नी लावावी लागली तर ऑगस्टसच्या देवळातली पुजाऱ्याची ठरलेली जागा मला देऊ नका."

घरी माझी बायको, हेडोने, कपाळाला हात लावून बसली. "अहो, सुटलेल्या गुलामाला गावात याच्यावर पायरी नाही. जांभळ्या काठाचा झगा शिवायला टाकलाय मी!"

फेब्रुवारी, दुसऱ्या दिवशी

'सीझर' आणखी खोल केलं. कोपरापर्यंत झिणझिण्या. बघू दे आविलियसला.

एप्रिल, सीरीज देवीच्या खेळांत

नाट्यगृहातच बातमी आली. ओथो हरला, स्वतःच्या हाताने सुरा खुपसून घेतला. आता व्हिटेलियस.

ओला स्पंज घेतला, चार हात मारले, ओथो गेला. खांदा दुखला नाही. शेजारचा कुंभार म्हणाला, "सेस्टियस, तुझंच खरं." हेडोनेसुद्धा म्हणाली, "ठीक आहे, झगा आणते."

आविलियसला वाकून नमस्कार केला. जरा जास्तच वाकलो.

मे, ईड्सच्या आदल्या दिवशी

नव्या राजाचा निरोप चौकात वाचला. ऑगस्टस म्हणवून घ्यायचं ते पुढे बघू. सीझर नको.

आविलियस पुढे आला. छिन्नी तेवढी माझ्या हातात दिली.

सकाळपासून उतरवतोय. बोटभर खाली गेलो, अजून वाचता येतंय.